आधी प्रश्न, मागाहून उत्तर

मुंबईच्या खेतवाडीत मामांकडे वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाला छर्ऱ्याची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या मारू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट; त्या काळी त्यात कुणाला वावगे वाटत नसे. १९०६-०७च्या सुमारास या मुलाने एक टिपण करून ठेवले. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली आणि चिमणा बाहेर खिळ्यावर राखणीला. पोराने उभ्या घोडागाडीआड दडून चिमणा टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा जोडीदार मिळवला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरचे आठ चिमणे गेले आणि दर वेळी नवा हजर झाला. क्रौर्य खरेच, पण ते मोजदाद ठेवून केलेले.

वर्षा-दोन वर्षांत त्याच मुलाने आणखी एक चिमणी पाडली. दिसायला घरचिमणीच्या मादीसारखीच, पण गळ्यावर पिवळा डाग. मामा अमिरुद्दीन तय्यबजी मुरलेले शिकारी होते, पण त्यांनाही हा पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले, मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे. मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला : पीतकंठी चिमणी. काम तिथे संपले होते. पण मिलार्ड उठले आणि त्यांनी या मुलाला संस्थेचा पक्ष्यांचा संग्रह दाखवला. वाचायला पुस्तके दिली, त्यांत ‘ईएचए’ या नावाने लिहिणाऱ्या एडवर्ड हॅमिल्टन एटकनचे मुंबईच्या पक्ष्यांवरचे पुस्तकही होते. पक्ष्याचे कातडे सोलून, पेंढा भरून ते कसे टिकवतात हे शिकवायचीही तयारी दाखवली.

हा मुलगा म्हणजे सलीम अली. गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे आणि ती बहुधा जन्मजात प्रतिभेची गोष्ट म्हणून सांगितली जाते : बघा, थोरांची पावले पाळण्यात दिसतात. कुतूहलाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला मात्र त्यात वेगळ्याच दोन गोष्टी दिसतील. एक म्हणजे, या मुलाला चिमणी आधीपासून नीट ठाऊक होती. आठवडाभर एका घरट्यावर डोळा ठेवल्यावर ती ठाऊक होणारच. ज्याला चिमणी आणि मुनिया यांतला फरक कळत नाही त्याला गळ्यावरचा पिवळा डाग खटकण्याचे कारण नाही. दुसरी म्हणजे, प्रश्न घेऊन हा मुलगा जिथे गेला तिथे कुणीतरी जागेवरून उठले.

आजच्या विषयाचा गाभा या दोन गोष्टींत आहे. कुतूहल अज्ञानातून उपजते असा आपला समज असतो. गेल्या सत्तर वर्षांतले प्रयोग पाहिले तर ते उपजते अर्धवट ज्ञानातून. आणि उपजलेले टिकते की विझते, हे समोरच्या माणसावर पुष्कळ अवलंबून असते. शाळेत या दोन्ही बाबतींत नेमके काय चुकते, हे आजचे सांगणे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्राला कुतूहलाचे कोडे पडले होते. प्राणी शिकतो तो भूक, तहान, वेदना यांपायी, असा तेव्हाचा मुख्य प्रवाह होता. उंदराला चक्रव्यूहात सोडा, टोकाला खाऊ ठेवा, म्हणजे तो वाट शिकेल. १९५०मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या पिंजऱ्यात कड्या, खिट्या, बिजागऱ्या जोडलेली यांत्रिक कोडी ठेवली. बक्षीस काहीच नव्हते, तरी माकडे ती सोडवत बसली आणि त्यांत तरबेज झाली. एवढेच नव्हे, कोड्यात खाऊ ठेवायला लागल्यावर त्यांचे कोडे सोडवणे बिघडले. तीन वर्षांनी रॉबर्ट बटलरने माकडांना बंद पेटीत ठेवले. दोन रंगांपैकी बरोबर रंगाचे दार ढकलले की काही क्षण बाहेर बघता येई, एवढेच त्यांना मिळे. माकडे तेवढ्यासाठी रंग ओळखायला शिकली आणि तासन्‌तास दारे ढकलत राहिली. बाहेर दुसरे माकड किंवा खेळण्यातली आगगाडी दिसत असेल तर उत्साह जास्त. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत उभे राहणाऱ्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती, पण शास्त्राला पुरावा लागतो.

या सगळ्याला सिद्धान्ताचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न डॅनियल बर्लाइनचा. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, पुढे टोरांटोत स्थिरावलेला मानसशास्त्रज्ञ. त्याने कुतूहलाचे प्रकार पाडले. कंटाळा घालवायला इकडे तिकडे डोकावणे वेगळे आणि एका विशिष्ट प्रश्नाचा माग काढणे वेगळे. ही विभागणी पुढे मोबाइलच्या संदर्भात कामाला येईल. १९५४चा त्याचा एक साधा प्रयोग मात्र कुठल्याही शिक्षकाने उद्या वर्गात करून पाहावा असा आहे. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांविषयीची माहिती त्याने लोकांना वाचायला दिली. त्यांतल्या काहींना आधी याच प्राण्यांविषयी प्रश्न विचारले होते, काहींना नाही. नंतरच्या चाचणीत आधी प्रश्न ऐकलेल्यांना जास्त आठवले. माहिती तीच, वेळ तोच. फरक पडला तो क्रमाने.

मधली काही दशके या विषयाकडे फारसे कुणी फिरकले नाही. मग १९९४मध्ये जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन संशोधकाने एक दीर्घ लेख लिहिला आणि विषय पुन्हा मार्गी लागला. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या बांधावर काम करणारा हा माणूस. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावेसे वाटते, त्यांच्यामध्ये फट दिसली की कुतूहल जागे होते. ही फट दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखी छळते. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते. त्याच्या एका प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर पंचेचाळीस चौकोन होते. चौकोनावर टिचकी मारली की खालचे चित्र दिसे. एका गटाला प्रत्येक चौकोनाखाली वेगळा प्राणी होता, तर दुसऱ्या गटाला सगळ्या चौकोनांखाली मिळून एकाच प्राण्याचे मोठे चित्र. पहिल्या गटाला खरे तर जास्त नवेनवे बघायला मिळत होते. तरी टिचक्या दुसऱ्या गटाने जास्त मारल्या, कारण कान दिसला, शेपटी दिसली, आता हा प्राणी कोण हे कळल्याशिवाय चैन पडेना.

या सिद्धान्तातली फारशी बोलली न जाणारी बाजू अशी की फट दिसण्यासाठी काठ दिसावे लागतात. ज्या विषयाचे काहीच ठाऊक नाही त्यात फट दिसत नाही, सपाट काळोख दिसतो. सगळेच ठाऊक असले तरी फट नसते. २००९मध्ये कॅलटेकमध्ये मिन जोंग कांग, कॉलिन कॅमेरर आणि त्यांच्या चमूने विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाचे चाळीस प्रश्न दिले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. प्रत्येक प्रश्नाबाबत दोन गोष्टी नोंदवायच्या : उत्तर जाणून घ्यायची ओढ किती, आणि उत्तर आपल्याला येतेय याची खात्री किती. ओढ सर्वांत जास्त कुठे होती? ‘येतेय बहुतेक, पण नक्की नाही’ या मधल्या पट्ट्यात. अजिबात येत नाही तिथे ओढ कमी आणि शंभर टक्के येते तिथेही कमी. ओढ जास्त असलेल्या प्रश्नांच्या वेळी मेंदूतला कॉडेट हा भाग जास्त सक्रिय झाला, आणि बक्षिसाची वाट पाहतानाही हाच भाग जागा होतो. आणखी एका फेरीत लोक ज्या उत्तरांसाठी जास्त उत्सुक होते त्यांच्यासाठी ते थांबायला किंवा हातातली मर्यादित टोकने खर्चायला तयार झाले. एक-दोन आठवड्यांनी विचारले तेव्हा आधी चुकलेल्या प्रश्नांपैकी ज्यांच्याविषयी ओढ जास्त होती, त्यांची बरोबर उत्तरे जास्त लक्षात राहिली होती.

पाच वर्षांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मथायस ग्रुबर, बर्नार्ड गेलमन आणि चरण रंगनाथ यांनी हाच धागा पुढे नेला. प्रश्न दाखवायचा, मग चौदा सेकंद थांबायचे, मग उत्तर. त्या चौदा सेकंदांच्या मध्येच पडद्यावर एक अनोळखी चेहरा झळके, त्याचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नसे. नंतरच्या चाचणीत ज्या प्रश्नांविषयी कुतूहल जास्त होते त्यांची सुमारे ७१ टक्के उत्तरे आठवली. कुतूहल कमी होते त्यांची ५४ टक्के. इथवर आश्चर्य नाही. पण उत्सुकतेच्या त्या चौदा सेकंदांत दिसलेले चेहरेही जास्त ओळखले गेले. फरक लहान, चारेक टक्क्यांचा. लहान फरकावर मोठे इमले बांधू नयेत हे खरेच. तरी कुतूहलाच्या वेळी डोपामिनवर चालणारी यंत्रणा आणि स्मृती साठवणारा हिप्पोकॅम्पस यांचा मेळ वाढतो, असे या प्रयोगाने दाखवले. वाट पाहणाऱ्या मेंदूत शेजारून जाणारी गोष्टही अडकते.

वाट पाहणे हा शब्दप्रयोग इथे महत्त्वाचा आहे, कारण शाळेत ते मुळीच घडत नाही. आपल्याकडे धडा सुरू होतो तो व्याख्येने. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे’, ‘गुरुत्वाकर्षण म्हणजे’. उत्तर समोर येते तेव्हा त्याचा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. प्रश्न येतात धड्याच्या शेवटी, स्वाध्यायात, आणि त्यांची उत्तरे मागच्या पानावर अधोरेखित करून ठेवलेली असतात. बर्लाइनच्या प्रयोगातला तोट्याचा गट तोच.

दोष मुलांचा नाही हे सांगायला आकडे आहेत. मिशेल शुनार या संशोधिकेने चार मुलांच्या घरातल्या संवादांची ध्वनिमुद्रणे तपासली. मोठ्या माणसाशी बोलणे चालू असताना ही मुले ताशी सरासरी शंभराहून जास्त प्रश्न विचारत होती. ‘पाणी दे ना?’ छापाचे प्रश्न वगळले आणि माहिती मागणारे तेवढेच मोजले तरी ताशी सत्तरच्या वर. यातले बरेच प्रश्न लक्ष वेधण्यासाठी असतात, असा वडीलधाऱ्यांचा लाडका समज आहे. २००९च्या एका अमेरिकी अभ्यासाने त्याला चांगला धक्का दिला. लहान मुलाने ‘का’ विचारले आणि खरेखुरे कारण मिळाले तर ते मान डोलावते किंवा पुढचा प्रश्न विचारते. टोलवाटोलवीचे उत्तर मिळाले तर तोच प्रश्न पुन्हा विचारते किंवा स्वतःच काहीतरी कारण जुळवते. नुसते लक्ष हवे असते तर कुठलेही उत्तर चालले असते.

आणि शाळेत? बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी इंग्लंडमध्ये चार वर्षांच्या तीस मुलींचे बोलणे घरी आणि बालवाडीत मुद्रित केले. १९८४मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्याच मुली घरी आईशी बोलताना ताशी सरासरी सव्वीस प्रश्न विचारत होत्या आणि बालवाडीत बाईंना ताशी दोन. यातल्या निम्म्या मुली कामगार घरांतल्या होत्या. ‘घरी कोण बोलतं त्यांच्याशी, म्हणून तर शाळा हवी’ असे ज्यांच्याविषयी सर्रास बोलले जाते, त्याच मुली. घरी भांडी विसळता विसळता मुलगी आणि आई एकाच विषयावर मागेपुढे दहा वाक्ये बोलत. बालवाडीत बाई विचारत, मुलगी एका शब्दात सांगे. प्रश्न विचारणारी बाजूच उलटली होती.

सुसान एंगेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे प्राथमिक वर्गांत तासन्‌तास बसून कुतूहलाचे प्रसंग मोजले. बालवर्गात ते थोडे होते, पाचवीत जवळपास नव्हतेच. त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. प्राचीन इजिप्तमध्ये जड वस्तू चाकांवरून कशा हलवत, हा पाचवीचा पाठ. मुलांच्या गटाला साहित्य दिलेले. मुले ते वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून काय होते ते पाहू लागली. बाईंनी सांगितले, प्रयोग मधल्या सुट्टीत करा, आता विज्ञानाचा तास आहे. या बाईंना हसू नये. त्यांच्याकडे प्रश्नांची छापील पत्रिका होती आणि ती तासाभरात भरून घ्यायची होती. आपल्याकडे पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुले आणि ‘पोर्शन’ घेऊन बसलेल्या कुणाही शिक्षकाने हेच केले असते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. मोठ्यांना प्रश्न विचारणे म्हणजे वर तोंड करून बोलणे आणि मुलीने विचारला तर नसत्या चौकशा.

या ठिकाणी पालकसभांतून टाळ्या मिळवणारे एक वाक्य ठरलेले असते : मुलांना शिकवूच नका, मोकळे सोडा, ती आपोआप शिकतील. प्रयोगांचा कौल एवढा सरळ नाही. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये एक खेळणे बनवले. त्याला नळ्या होत्या आणि चार गमती लपलेल्या होत्या : एक नळी ओढली की चिवचिव, एकीकडे दिवा, एकीकडे स्वर, एका नळीच्या तळाशी आरसा. काही मुलांना प्रयोग करणाऱ्या बाईंनी शिक्षिकेच्या थाटात सांगितले, हे बघ, हे असे चालते, आणि चिवचिव करून दाखवली. दुसऱ्या मुलांसमोर बाईंच्या हातून नळी ‘चुकून’ ओढली गेली आणि चिवचिव झाली. पहिली मुले चिवचिव करत राहिली आणि लवकर कंटाळली. दुसऱ्यांनी खेळणे उलटेपालटे केले आणि बाकीच्या गमती जास्त शोधल्या. यातून ‘शिकवणे वाईट’ असा निष्कर्ष काढणारा माणूस पहिल्या गटावर अन्याय करतो. त्या मुलांचा तर्क पक्का होता : बाईंना सगळे माहीत आहे, त्यांनी एकच गोष्ट दाखवली, म्हणजे आणखी काही नसणार. त्यांनी शिक्षिकेवर विश्वास ठेवला. त्यामुळे काय दाखवावे याबरोबर काय झाकून ठेवावे आणि ‘अजून काहीतरी आहे’ हे कसे सुचवावे, हेही शिकवण्याचे कौशल्य ठरते. चांगले कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जाताना हे सहज साधतात.

निव्वळ मोकळीक पुरत नाही याचा आणखी एक दाखला तान्ह्या मुलांचा आहे. २०१५मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगन्सन यांनी अकरा महिन्यांच्या बाळांना हातचलाखी दाखवली. चेंडू भरीव भिंतीतून आरपार गेला, किंवा गाडी फळीच्या टोकापुढे जाऊन अधांतरी तरंगली. मग ती वस्तू बाळाच्या हाती दिली. चेंडू भिंतीतून गेलेला पाहिलेल्या बाळांनी तो आपटून पाहिला. गाडी तरंगलेली पाहिलेल्यांनी ती खाली टाकून पाहिली. बाळाची अपेक्षा आधी होती, ती मोडली, म्हणून त्याने नेमकी तीच परीक्षा घेतली. अकरा महिन्यांच्या वयातही कुतूहल रिकाम्या पाटीवर उगवत नाही. म्हणून जो शिक्षक भरपूर शिकवतो, पण वेळेवर थांबतो, तो मोकळे सोडून निघून जाणाऱ्यापेक्षा मुलांना जास्त उत्सुक करतो, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे.

बक्षिसांचा विषय इथे टाळता येणार नाही, कारण आपल्याकडे शिष्यवृत्ती, ऑलिंपियाड आणि प्रमाणपत्रांचा सुकाळ आहे. १९७३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्केचपेनांनी चित्रे काढायला आवडणारी मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढून झाल्यावर अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी स्केचपेने पुन्हा टेबलावर ठेवली, या वेळी कसलेही आश्वासन न देता. बक्षीस ठरवून घेतलेल्या मुलांनी इतरांच्या तुलनेत जेमतेम निम्मा वेळ चित्रांत घालवला. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्राने काही बिघडले नव्हते. हार्लोच्या माकडांची आठवण व्हावी असाच हा निकाल.

आता बर्लाइनच्या विभागणीकडे. कुतूहल जात्याच सात्त्विक असते असे समजण्याचे कारण नाही. २०१६मध्ये क्रिस्टोफर शी आणि बोवेन रुआन यांनी लोकांना एका खोलीत थांबायला सांगितले. टेबलावर आधीच्या प्रयोगातली म्हणून पेने ठेवलेली होती. काहींचे खटके दाबले की सौम्य विजेचा झटका बसे. कुठल्या पेनाला झटका आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांनी थोडीच पेने दाबली. ज्यांना ‘असेलही, नसेलही’ एवढेच सांगितले होते त्यांनी जास्त पेने दाबली. झटका बसण्याची शक्यता ठाऊक असून दाबली! ‘पुढे जे घडले ते पाहून थक्क व्हाल’ छापाचे मथळे लिहिणाऱ्यांना हा सिद्धान्त पाठ असतो. ते फट दाखवतात आणि अंगठा हलवला की भरूनही टाकतात. वाट पाहण्याचे ते चौदा सेकंद तिथे कधी येतच नाहीत. लोवेनस्टाइनच्या भाषेत ओढ भागते, पण पुढची फट दिसायला लागणारे ज्ञान साचत नाही. मोबाइलने मुलांचे कुतूहल मारले ही तक्रार म्हणून अपुरी आहे. कुतूहल तिथे दिवसभर राबते आहे, पण त्यातून काही शिल्लक पडत नाही.

उलट दिशेचे प्रयत्न आपल्याच परिसरात झाले आहेत. १९७२मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांतून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभारला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात उतरले, आणि पुढे ‘एकलव्य’ या संस्थेने तो चालवला. मुले गटागटाने प्रयोग करत आणि ‘बालवैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकांत उत्तरांऐवजी प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा. कार्यक्रम वाढत सुमारे हजार शाळांपर्यंत गेला. २००२मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

त्यातली एक कल्पना मात्र इथे थांबून पाहण्याजोगी आहे : सवालीराम. हा कुणी खरा माणूस नव्हे. मुलांना सांगितलेले असे की वर्गात न सुटलेला, पुस्तकात नसलेला कोणताही प्रश्न सवालीरामला पत्राने कळवा. पत्रे येत आणि उत्तरे जात. साठ मुलांच्या वर्गात एवढे प्रश्न पेलायचे कसे, ही शिक्षकाची अडचण खरी असते. सवालीरामने ती सोडवली ती प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये टपाल घालून. प्रश्न विचारणे वर्गात, उत्तर काही दिवसांनी. शिक्षकाला सर्वज्ञ असण्याची सक्ती नाही आणि मुलाच्या मनात प्रश्न आठवडाभर जिवंत.

पुण्यात जयंत नारळीकरांनी हेच आपल्या पद्धतीने केले. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत. नारळीकर सांगत, वहीत सही नाही. मला पोस्टकार्डावर एक वैज्ञानिक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. सही मिळवण्याचा हा काहीसा महागडा मार्ग होता. घरी जायचे, प्रश्न सुचेपर्यंत विचार करायचा, कार्ड आणायचे, लिहायचे. ज्यांना नुसती सही हवी होती ती मुले गळत. बाकीच्यांकडून कार्डे येत राहिली आणि जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ त्यांना उत्तरे लिहीत राहिला. त्यांनीच उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात पुढे मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली आणि अरविंद गुप्तांनी तिथे अकरा वर्षे झाडूच्या काड्या, सायकलच्या ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून खेळणी केली. त्या खेळण्यांचा गुण असा की ती मोडून बघता येतात. दुकानातल्या खेळण्याला तो गुण नसतो.

याही आधी, १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात गेली. कुरणात काय शिकवायचे, तर मुलांना आधीच ठाऊक असलेले पान, दगड, शेंग, पाखरू आणि त्यांच्या पुढची एक पायरी. याला कुणी तेव्हा सिद्धान्ताचे नाव दिले नव्हते.

गरीब घरच्या मुलाला आधी लिहायला-वाचायला येऊ द्या, कुतूहल ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असा आक्षेप शिक्षणखात्यातले अनुभवी लोकही घेतात. प्राची शाह आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये अमेरिकेतल्या ६,२०० बालवर्गीय मुलांची माहिती तपासली. जी मुले जास्त कुतूहल दाखवत त्यांचे वाचन आणि गणित सरस होते, आणि हा संबंध गरीब घरच्या मुलांत जास्त ठळक होता. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. शिवाय कुतूहलाची नोंद पालकांच्या सांगण्यावर होती. एवढ्या मर्यादा धरूनही ‘आधी अक्षरे, मग प्रश्न’ हा क्रम लावणाऱ्यांना त्यातून आधार मिळत नाही.

वर्गात करण्याजोगे काय, असा प्रश्न या टप्प्यावर शिक्षक विचारतात आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत ‘सांगा पाहू’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी असतात. ‘सांगा पाहू’ पुष्कळदा धड्याच्या तोंडाशीच असते. पुस्तक रचणाऱ्यांनी बर्लाइनचा प्रयोग चौकटीत बसवून दिला आहे. मुलांनी पान उलटण्याआधी आपापला अंदाज वहीत लिहायचा, बरोबर असो वा चूक. २००९मध्ये लिंडसी रिचलंड, नेट कॉर्नेल आणि लिश शॉन काओ यांनी दाखवले की वाचण्याआधी दिलेले उत्तर चुकले तरी पुढचे वाचन जास्त लक्षात राहते. पाच मिनिटांचे काम. साहित्य लागत नाही, निधी लागत नाही, शिक्षकाला नवे काही यावेही लागत नाही. फक्त पाच मिनिटे बरोबर उत्तर न सांगण्याचा निग्रह लागतो. सध्या मात्र होते असे की ‘सांगा पाहू’खालचे उत्तर फळ्यावर येते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तपासताना सगळ्या वह्यांत एकच वाक्य असते, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. फळ्यावरचे उत्तर बहुधा गाईडमधून आलेले असते, आणि गाईड जूनमध्ये पाठ्यपुस्तकाबरोबरच दुकानात मिळते.